पिंपळासाठी माती

रविवार, १७ मे. हजर: मीनल, नाईककाका आणि मी. उत्तमभाऊ चाळीच्या दारात येऊन मिळाले. विमलताई वर, आपल्या खोलीत. पिंपळ जागेवर.

अशी हजेरी मी प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला लिहिते. मीनल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे, त्यामुळे माझ्या याद्यांची चेष्टा करायचा तिला हक्क आहे. "वैशाली, श्वास घ्यायचा हेही लिहून ठेवलंयस ना?" असं ती विचारते. नाईककाका सत्तरी ओलांडलेले इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जुन्या इमारती तपासण्यात घालवली. ते सायकल घेऊन येतात आणि बहुतेक वेळ ती हातात धरून चालतात. कॅरियरला एक कापडी पिशवी अडकवलेली असते. त्या पिशवीत काचेच्या पट्ट्या असतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

आम्ही तिघं रविवारी सकाळी लालबाग ते गिरगाव या पट्ट्यात हिंडतो. कुठल्या चाळीचा जिना अजून सागवानी आहे, कुठल्या वाडीतली विहीर उघडी आहे, कुठल्या रस्त्यावरचा पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने वाळत चाललाय, हे बघतो. हिवाळ्यात हौशी मंडळींना बरोबर घेऊन तेच दाखवतो. मे महिना तयारीचा. जुने मार्ग पुन्हा चालायचे आणि गेल्या वर्षी दाखवलेलं यंदा शिल्लक आहे का, ते तपासायचं.

लालबागमध्ये मे महिना आधी नाकाला कळतो. पावसाळ्याच्या आत वर्षाचा मसाला करून ठेवायचा असतो. दुकानांपुढे मिरच्यांची पोती उघडलेली असतात. आत धणे, दगडफूल, जायपत्री, एकेक वस्तू भाजून निघत असते. गल्लीच्या तोंडाशीच घसा धरतो. मग डंक ऐकू येतात. डंक म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र. मुसळं एकामागोमाग उचलली जातात आणि उखळात पडतात, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. बायका नाकाला पदर लावून रांगेत उभ्या असतात. त्यांचं लक्ष आपल्या पिशवीवरून हलत नाही. "ओ दादा, माझा मसाला त्यांच्यात मिसळलात तर इथेच बसेन हां मी!" "बसा मावशी, पण शिंकायला पलीकडे जा."

डंक पडला की गल्लीतली जमीन किंचित हलते. सवय झालेल्यांना ते जाणवत नाही. मलाही आधी जाणवत नव्हतं.

या हंगामाची दुसरी खूण निळी आहे. कौलांवर, गच्च्यांवर, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर ताडपत्र्या चढतात. बांबू बांधले जातात, दोऱ्या ताणल्या जातात, कुठेतरी डांबर वितळत असतं. जिन्यांच्या तोंडाशी नोटिसा डकवल्या जातात, 'धोकादायक' हा शब्द मोठ्या टायपात. शिवाजी पार्कच्या आमच्या भागात मे महिना आंब्याच्या पेट्यांचा आणि सुट्टीला आलेल्या नातवंडांचा असतो. इथे तो छपराकडे बघण्याचा असतो. यंदा परत ती निळाई चढलेली दिसली, आणि दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, जो खरं तर संपलेलाच नाही, पुन्हा समोर उभा राहिला.

त्या वर्षी सगुणा बिल्डिंगचा पिंपळ आमच्या मार्गावरचा लाडका थांबा होता. नाव बिल्डिंग असलं तरी ती चाळच, तळमजला आणि वर दोन मजले. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात, सांडपाण्याच्या पाइपालगत, भिंतीतूनच तो बाहेर आलेला. बुंधा माझ्या दंडाहून जाड. चैत्रात आलेल्या तांबूस पालवीने आता हिरवा रंग धरला होता आणि खाली वारा नसतानाही ती पानं वर सळसळत होती. मुळं भिंतीवरून खाली उतरली होती, फाटे फुटत, गिलाव्याला चिकटून. ती बघितली की लोक हमखास "वा!" म्हणायचे. मीनल सांगायची, पक्षी फळ खातो, बी विष्ठेतून फटीत पडतं, एवढ्याशा ओलीवर रुजतं. मी सांगायचे, ही चाळ कुठल्या काळातली, इथे कोण राहायचं. लोक फोटो काढायचे. निसर्ग आणि वारसा एकाच चौकटीत, आणखी काय हवं?

एका रविवारी आम्ही तिघंच खाली उभे होतो. मीनल फोनवर मुळांचे फोटो घेत होती. वरून आवाज आला.

"फोटो खालसून कित्याक काडतास? वर येवा. आतसून बरो दिसता!"

त्या विमलताई परब. मूळ मालवणकडच्या, लग्न होऊन या खोलीत आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा नालासोपाऱ्याला, दोन खोल्यांत चार माणसं. विमलताई एकट्या, पण त्यांच्या खोलीत कधी शांतता नसते. रेडिओ, कुकर आणि त्या स्वतः.

त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यामागची भांड्यांची मांडणी बाजूला सरकवली. सगळी भांडी एकदम किणकिणली. मागच्या भिंतीत, छतापासून ओट्यापर्यंत, मूळ होतं. भिंतीवर नव्हे, भिंतीत. गिलावा दोन्ही बाजूंना ओठासारखा उघडला होता आणि मधून ते करडं, गुळगुळीत, मनगटाएवढं लाकूड दिसत होतं. विमलताईंनी त्यावर हळदकुंकवाचं बोट लावलेलं होतं. शेजारच्या खिळ्याला चहाची गाळणी.

"ह्येका म्हणतत घरजावय," विमलताई म्हणाल्या. "बोलवूक नाय, तरी इलो. आता जायना."

आम्ही हसलो. नाईककाका हसले नाहीत. त्यांनी बोट फटीत घातलं, ते पेरभर आत गेलं. मग त्यांनी पिशवीतून काचेची एक पट्टी काढली, थोडं सिमेंट कालवून मागितलं आणि फटीवर ती आडवी चिकटवली, एक टोक या बाजूला, एक त्या. वर तारीख घातली.

"ही कित्याक हो?" विमलताईंनी विचारलं.

"भिंत हलली तर काच तडकते. लाकूड वाकतं, सिमेंट सांभाळून घेतं, काच काही सांभाळून घेत नाही. आपल्याला कळावं म्हणून."

"आणि कळल्यार मगे?"

काका हात पुसत राहिले. खाली डंक पडत होता आणि मांडणीतल्या वाट्या त्याच तालावर बारीक वाजत होत्या. त्या दिवशी मला तो हादरा पहिल्यांदा पायांना कळला.

पुढच्या रविवारी काच तडकलेली होती.

या पिंपळावर दर मे महिन्यात कोयता चालत आलेला आहे. पावसाआधी चाळीतलं कुणीतरी गॅलरीतून ओणवून फांद्या उतरवतं, कारण त्या तारांना लागतात. मुळाला मात्र कुणी हात लावत नाही. फांद्या म्हणजे केस कापल्यासारखं, मूळ म्हणजे जीव घेणं, असा इथला हिशेब आहे. मीनलला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. दर वर्षी वरचं छाटून यांनी झाडाला तेवढंच सांगितलं होतं की बाहेर वाढू नकोस. मग ते आत वाढलं.

दुरुस्तीचा अर्ज चाळीने सरकारी कचेरीत केला होता. उत्तर सरळ होतं: आधी झाड काढून घ्या, मग भिंतीचं बघू. पण काढणार कोण? परांची बांधणारे मजूर बांबू बांधून झाल्यावर म्हणाले, मूळ तुम्ही तोडा, बाकी सगळं आम्ही करतो. पहिल्या मजल्यावरच्या सावंतांच्या घरात शनिवारी पिंपळाला पाणी घातल्याशिवाय कुणी जेवत नाही. विमलताई तर म्हणाल्या, "तेका हात लावू नकात. तो माज्या घरात आसा की मी तेच्या घरात, ता माका म्हायत नाय."

चाळीचे सेक्रेटरी उत्तम जाधव, म्हणजे उत्तमभाऊ, विमलताईंचे भिंतीला भिंत शेजारी. कोर्टात स्टेनो होते, आता निवृत्त. बोलणं मोजकं आणि प्रत्येक वाक्य कागदावर उतरवण्याच्या लायकीचं. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फ्रेममध्ये एक पिंपळाचं पान आहे, वडिलांनी आणलेलं.

"मॅडम, मला कोप-बिप काही वाटत नाही," ते मला म्हणाले. "पण बोधिवृक्ष तोडण्याचा ठराव माझ्या हाताने लिहिला जाणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिला तर सही करेन का, तेही आत्ता सांगत नाही."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बैठक झाली. सावंतांनी ठाकूरद्वारचे एक भटजी बोलावले होते, वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी मूळ पाहिलं, मान हलवली आणि तोड सांगितली. याचंच एक रोप आधी जमिनीत लावा. कुंडीत नव्हे, जमिनीत. त्याला नवी पालवी आली की हा तिकडे गेला असं समजा. मग इथे कुऱ्हाड लावायला हरकत नाही.

सगळ्यांनी उत्तमभाऊंकडे पाहिलं.

"आमच्यातही बोधिवृक्षाचं रोप नेऊन दुसरीकडे लावायची रीत आहे, फार जुनी," ते म्हणाले. "मला अट मान्य. पूजेला मी बसणार नाही. खड्डा मी खणणार."

"खणा की," सावंत म्हणाले. "आमची कंबर कुठे वाकतेय!"

अशी एकमताची बैठक त्या चाळीत मांडवाच्या रंगावरूनही कधी झाली नव्हती, असं नंतर सगळे सांगत. मीनलने पाइपाच्या बुडाशी फुटलेलं एक लहान रोप मुळासकट सोडवलं आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं. बादलीला खाली भोकं पाडली. ती सांभाळायला माझ्याकडे आली, कारण मला गॅलरी आहे आणि मी पाणी घालायला विसरत नाही. जागा शोधायचं कामही आमच्याकडेच आलं. इतकी वर्षं हा सगळा भाग पायाखाली घातलेली माणसं आम्ही. मी वहीत लिहिलं: माती शोधणे, दोन रविवार.

"गावाला नेऊन लावू की," नाईककाकांनी सुचवून पाहिलं होतं.

"गावाक काय पिंपळ कमी आसत? ह्यो हयचो आसा," विमलताई म्हणाल्या. "माका पाणी घालूक जावचा आसा. एका बशीत बसान जावक होया, बस बदलूची नाय."

म्हणजे लालबाग ते गिरगाव. आमचाच पट्टा.

झाडं दाखवत हिंडणारी माणसं मान वर करून चालतात. त्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा खाली बघत चाललो. आणि खाली काही नव्हतंच. चाळीच्या अंगणात फरशी होती, मांडवाचे बांबू रोवायची भोकं ठेवून बाकी सगळी गच्च. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक. झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे गळपट्टे. ज्या बहाव्याखाली उभं राहून मी वर्षानुवर्षं त्याचं पिवळेपण वाखाणलं, तो एवढ्याशा चौकोनात उभा होता, आणि त्या चौकोनात माती नव्हे, डेब्रिज होतं. झाडं दिसत होती, जमीन कुठेच दिसत नव्हती. हे इतक्या वर्षांत एकदाही डोळ्यांत भरलं नव्हतं.

परळला गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय. चिमणी शोभेला ठेवली आहे. फाटकातून आत हिरवीगार बाग दिसते. ताड, चाफे, हिरवळ. आम्ही वॉचमनला विचारलं, एका रोपापुरती माती मिळेल का, कुणाला भेटायचं? तो उत्तरेकडचा, शेतावरून आलेला असावा. त्याने हसून पायाने जमीन ठोकली. पोकळ आवाज आला.

"गार्डन है मॅडम. मिट्टी नहीं है. नीचे गाडी है."

ती सगळी बाग पार्किंगच्या स्लॅबवर उभी होती. तो पोकळ आवाज नंतर कित्येक दिवस माझ्या डोक्यात होता. भाजी चिरताना, ऑफिसात फाइल मिटवताना.

आमच्या शिवाजी पार्कात, पट्ट्याबाहेर पण एकाच बसवर, माती आहे, मैदानभर आहे, वाऱ्याने ती आमच्या घरात येते. पण मैदानात झाड लावत नाहीत, आणि कडेने खालून पाइप आणि केबल गेलेत, तिथे पिंपळ चालत नाही. ते नियमाला धरूनच होतं. कट्ट्यावर बसलेल्या एका फिरायला येणाऱ्या आजोबांनी मनापासून सल्ला दिला, "अहो, सोनचाफा लावा! पिंपळ काय, सगळं फोडून टाकतो."

"ते माहीत आहे हो," मीनल म्हणाली. "म्हणूनच तर जागा शोधतोय."

ठाकूरद्वारच्या वाडीत देवळाशेजारी विहीर आहे, वर लोखंडी जाळी. वाकून पाहिलं तर खूप खोल काळं पाणी, आणि त्यात आमची तीन डोकी. देवळाच्या पारावर मोठा पिंपळ. पुजाऱ्यांनी आम्हाला पार दाखवला. संगमरवरी लाद्या बुंध्यापर्यंत भिडवलेल्या, आणि मुळांनी त्या अशा उचललेल्या की वर तांब्या ठेवला तर कलंडावा. "हाच एक आता आम्हाला ऐकत नाही. दुसरा कुठे घेऊ?" गिरगावात तर चालत चालत आम्ही समुद्रापाशीच पोचलो. वाळू. नाईककाकांनी सायकल उभी केली आणि कितीतरी वेळ परत फिरायचं नाव काढलं नाही.

मोकळी, भुसभुशीत, खणता येईल अशी माती आम्हाला एकाच ठिकाणी मिळाली. स्मशानाच्या मागच्या भिंतीलगत. तिथला माणूस भला होता. म्हणाला, लावा, पाणी मी घालेन. मी हरखले. काम झालं असं वाटून तशीच लालबागला गेले. विमलताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"थंय माका एक दिवस जावचाच आसा," त्या म्हणाल्या. "तेका आदी कित्याक धाडतास?"

रेडिओवर पावसाचा अंदाज सांगत होते.

त्या वर्षीचा पावसाळा मला पाऊस म्हणून आठवतच नाही. तो आठवतो फोनमुळे. रात्री सर जोराची आली की मी उठून बसायचे. सकाळी उत्तमभाऊंचा मेसेज यायचा, स्टेनोच्या शिस्तीत: सर्व ठीक. काच तडकलेली, भिंत उभी. एकदा दुपारपर्यंत मेसेज आला नाही, तेव्हा मी ऑफिसातून टॅक्सी करून गेले. दिवे गेले होते, एवढंच. विमलताई अंधारात बसून मुळाशी बोलत होत्या. मी दारातच थांबले. त्या त्याला रागावत होत्या, जसं मुलाला रागवावं तसं. "हलू नको म्हटलंय ना. माज्यासारखो गप ऱ्हव."

पाऊस संपल्यावर नाईककाकांनी दुसरी काच लावली. ती पुढच्या मे महिन्यात, डंक सुरू झाल्यावर तडकली. शेजारच्या प्लॉटवर तेव्हा पायलिंगही, म्हणजे पायाचे खांब जमिनीत ठोकणं, सुरू झालं होतं. डंक लहान ठोका, ते मोठा ठोका. तिसरी काच लागली. मुलाने विमलताईंना न्यायला दोनदा येऊन पाहिलं. मग मीच एकदा विषय काढला. म्हटलं, चार महिने तरी जा, पावसापुरतं.

"मी खंय जाव गो?" त्या म्हणाल्या. "थंय नातीची परीक्षा, सुनेची शिफ्ट, झोपूक जागा नाय. आणि मी गेलंय की ह्येका कोण बघतला?"

जिन्यात उतरताना मी काकांना विचारलं, सरळ सांगा, ही भिंत यंदा टिकेल का? काका सहसा उत्तर टाळत नाहीत. ते पायरीवर थांबले.

"वैशाली, ही भिंत त्याने फोडलीय, हे नक्की. पण आता तिला धरूनही त्यानेच ठेवलंय का, ते मला सांगता येत नाही. काढलं तर काय होईल, मला माहीत नाही. ठेवलं तर काय होईल, ते माहीत आहे."

त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इमारत समजत नव्हती, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आमच्या हिवाळ्यातल्या फेऱ्या चालू आहेत. सगुणा बिल्डिंग आता मार्गावर नाही. लोक विचारतात, तो भिंतीतला पिंपळ नाही दाखवणार? इंटरनेटवर फोटो पाहिलाय. मी सांगते, तिकडे काम चालू आहे. मग कुणीतरी दुसऱ्या इमारतीच्या छज्ज्यावरचं इवलंसं रोप दाखवतं, हिरवं, नाजूक, चार पानांचं, "ओ, कित्ती गोड!" असं म्हणतं आणि कॅमेरा काढतं. मी खालच्या भिंतीकडे बघत राहते. लालबागपासून गिरगावपर्यंत अशी रोपं मला आता सगळीकडे दिसतात. खिडकीच्या वर, पाइपाच्या सांध्यात, देवळाच्या शिखरावर, आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या कठड्यावर. कधीकाळी मला हा निसर्गाचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, यांनाही जमीनच हवी आहे. ती आम्ही ठेवली नाही म्हणून ती भिंतीत शोधतायत.

तर या रविवारी, सतरा तारखेला, आम्ही पुन्हा वर गेलो. गल्लीत मसाला कुटला जात होता, मीनल शिंकांनी हैराण. जिन्यावर नवी नोटीस होती. विमलताईंनी कोकम सरबत करून ठेवलं होतं. नाईककाकांनी मांडणी सरकवली, चष्मा पुसला आणि वाकले.

त्यांनी फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"तडकली?" उत्तमभाऊंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "काच नाहीच आहे."

दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठिपके होते. मधली पट्टी नव्हती. ओट्यावर नाही, खाली नाही, भांड्यांमागे नाही. फट इतकी रुंदावली होती की काच सुटून आत पडली होती, भिंतीच्या पोटात. काकांनी टॉर्च मारला. खूप खाली, मुळांच्या गुंत्यात, काहीतरी चमकलं.

"रात्री भिंतीत कायतरी वाजला," विमलताई म्हणाल्या. "माका वाटला उंदीर."

खाली डंक पडला. वाट्या किणकिणल्या. आम्ही चौघं हातात सरबताचे ग्लास घेऊन तसेच उभे होतो. काका नवी काच लावायला वाकले, पण पिशवीतली पट्टी या फटीला आता पुरत नव्हती. त्यांनी ती परत वर्तमानपत्रात गुंडाळली.

उतरताना उत्तमभाऊ खालपर्यंत आले. "मॅडम, आता कुठेही लावा," ते म्हणाले. "रस्त्याच्या दुभाजकात लावा, मैदानाच्या कडेला लावा. कुणी हाकललं तर मी बघतो. पालवी फुटली एवढं मला वर येऊन सांगता आलं पाहिजे. खणायला मी पहार घेऊन येतो. बुधवारी?"

"बुधवारी," मी म्हटलं. विमलताई खिडकीत उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर पिंपळ सळसळत होता आणि त्याच्या मागे सगळं छप्पर निळं.

घरी आले ती थेट गॅलरीत गेले. रोप आता माझ्या खांद्याला लागतं. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलंय त्याला. बादली दारापाशी ओढून ठेवावी, म्हणजे बुधवारी पहाटे टॅक्सीत घालता येईल, असा विचार होता. कडी धरून ओढली. हलली नाही. माती भिजून जड झाली असेल म्हणून दोन्ही हातांनी ओढली, तर कडी निखळून हातात आली. मग गुडघे टेकून बसले आणि खाली पाहिलं.

मीनलने पाडलेल्या भोकांपैकी एकातून मूळ बाहेर आलं होतं. बोटाएवढं जाड, करडं, गुळगुळीत. ते लादीवरून वीतभर गेलं होतं आणि दोन लाद्यांच्या सांध्यात उतरलं होतं. सांधा उघडला होता, ओठासारखा.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या देशपांडेबाईंचा फोन आला. त्यांच्या छताला गॅलरीच्या खालीच ओल आली आहे, महिनाभर त्या मागे लागल्या म्हणून मी प्लंबर पाठवला होता. "अगं, येऊन गेला तो," त्या म्हणाल्या. "म्हणतो पाइप कोरडा आहे. पाण्याचं नाहीये म्हणाला हे. भेग वाटते म्हणाला."

मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

मीनल म्हणते, एक घाव घालून बादली सोडव, दुसऱ्या मुळांवर रोप जगेल. बरोबरच आहे. कात्री आणून ठेवली. मग ती लहान वाटली म्हणून शेजाऱ्यांकडून कोयता आणला. दोन्ही गॅलरीत पडून आहेत. दोनदा बसले, हात मुळापर्यंत नेला. ते गार होतं, उन्हातही. आज मंगळवार, बादली जागेवर आहे. उत्तमभाऊंचा मेसेज येऊन गेला: पहार काढून ठेवली आहे, उद्या किती वाजता. दक्षिणेकडे ढग दिसतायत.

उद्याच्या कामांत पहिलं काम लिहिलं आहे: बादलीचं मूळ कापणे. प्रत्येक कामापुढे ते कोण करणार त्याचं नाव मी लगेच घालते, ती माझी सवय. इथे अजून घातलेलं नाही.